वामनदादांचा आवाज पेटीत कुजू देऊ नका

लोककवी वामनदादा कर्डक आपल्यातून गेले त्याला दोन दशके उलटून गेली. तरीही भीमजयंतीची मिरवणूक त्यांच्या गाण्याशिवाय निघत नाही. धारूर, केज, माजलगाव पट्ट्यातला ऊसतोड मजूर कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावी परततो, १४ एप्रिलला वस्तीत निळा झेंडा लावतो आणि भोंग्यावर वामनदादांचे शब्द वाजतात. पण त्या शब्दांना आवाज कोणाचा असतो? ठेका नवा, गायक नवा, आणि कवीचे नाव बहुधा कुठेच नसते. खुद्द वामनदादांचा आवाज आजच्या किती तरुणांनी ऐकला आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. आईचे नाव सईबाई. व्यवस्थेने ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाटीपासून दूर ठेवल्या, त्याच समाजातले हे लेकरू. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, मिळेल ते काम केले. गिरणी झाली, कोळशाची वखार झाली, चिक्की आणि आइस-फ्रूटही विकले. चाळीत कुणीतरी एक पत्र वाचून द्यायला सांगितले आणि वामनला ते वाचता आले नाही. ती लाज काळजात रुतली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी अक्षरे गिरवली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत हा माणूस साक्षर झाला.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले आणि त्याच साली नायगावला बाबासाहेबांना पाहिले. त्या दर्शनाने आयुष्याची दिशा ठरली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकात जी वाट पाडली होती, तिच्यावरून वामनदादा पुढे निघाले. १९५६ ची धम्मदीक्षा, त्याच वर्षीचे महापरिनिर्वाण, नंतरची पोरकी वर्षे आणि नामांतराचा लढा या सगळ्या काळात ते गात राहिले. एस.टी.ने, बैलगाडीने, पायी, जिथे बोलावणे येईल तिथे गेले. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटात त्यांचे गीत गाजले, पण ते चित्रनगरीत रमले नाहीत. वस्तीतला ओटा हेच त्यांचे व्यासपीठ राहिले. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्याला एके काळी पत्र वाचता येत नव्हते, त्याला विचारवंतांनी अग्रस्थान दिले. १५ मे २००४ रोजी ते गेले.

वामनदादांनी हजारो गीते रचली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ अशा संग्रहांत त्यातली काही आली, बाकीची वह्यांत आणि माणसांच्या कंठात राहिली. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात वामन हे नाव गुंफलेले असते. ती केवळ रीत नव्हती. ज्याच्याकडे ना वकील ना करारनामा, त्याने आपल्या गाण्यावर मारलेला तो शिक्का होता. पण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. गाणे तेवढ्यात बसवताना कडवी गळतात, आणि शेवटचे कडवे गळले की नावही गळते. मग गाणे पारंपरिक ठरते आणि कवी बेवारस होतो.

नाव गेले की काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने पाहिले आहे. तिथे काळ्या माणसांना शहराबाहेरच्या वस्त्यांत कोंडले गेले. त्या वस्त्यांनी माराबी, क्वेला, म्बाकांगा असे नाचाचे संगीत जन्माला घातले. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीसाठी ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या सुमारे १ लाख प्रती खपल्या. हक्कापोटी लिंडाच्या हाती १० शिलिंग पडले. पुढे अमेरिकेत तेच गाणे रूप बदलून जगभर गाजले, पण लिंडा १९६२ साली दारिद्र्यात मेला. त्याच्या मुलींना न्यायाची तडजोड मिळायला २००६ साल उजाडले. १९३९ ची ती तबकडी शिल्लक होती आणि तिच्यावरचा आवाज कोणाचा हे सांगता येत होते. जुने ध्वनिमुद्रण म्हणजे हौशी माणसाचे खेळणे नव्हे, तो पुरावा असतो.

आपल्याकडेही असे काम झाले आहे, तेही धारूरच्या शेजारी. पुण्याचे संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात आपल्या माय-माउलींनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा ठेवा गाणाऱ्या बायांच्या नावागावासह सर्वांसाठी खुला केला. जात्यावर गाणाऱ्या बाईला तिचे नाव मिळाले, मग वामनदादांच्या गाण्याला का मिळू नये?

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्यांचे कार्यक्रम टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवले. त्या कॅसेट आज लोखंडी पेट्यांत, माळ्यावर, बुद्धविहारांच्या कपाटांत पडून आहेत. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, उष्णतेने ती ताणली जाते, आणि बिघडलेल्या यंत्रात एकदा गुंतली की तुटते. म्हणून अशी कॅसेट उत्साहाच्या भरात वाजवू नये. ती जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून, नीट चालणाऱ्या यंत्रावरून संगणकात उतरवावी. खरखर काढण्याच्या नादात मूळ आवाज खरडू नये, एक प्रत आहे तशीच जपावी. आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत कवी, गायक, वादक, गाव, साल लिहावे. ज्यांना ते आठवते त्यांचे वय झाले आहे. ती माणसे गेल्यावर फीत वाचली तरी ती मुकीच राहील.

जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग डीजेऐवजी या कामाला गेला, तर बाबासाहेबांच्या कोणत्या विचाराला बाध येणार आहे? प्रत्येक तालुक्यातल्या जयंती समितीने यंदा एवढे तरी करावे: वस्तीतल्या कॅसेटची यादी करावी आणि जुन्या गायकांना बोलावून त्यांच्या आठवणी नोंदवाव्यात. वामनदादांनी अक्षर कमावले आणि समाजाला आवाज दिला. तो आवाज त्यांच्या नावानिशी पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.