मंदगती जीवांचे नामकरण करणारे धर्मगुरू : लाझारो स्पाल्लान्झानी

इटलीतील स्कांदियानो ह्या गावी जानेवारी १७२९ मध्ये लाझारो स्पाल्लान्झानी यांचा जन्म झाला. वडील वकील होते. रेज्जो येथील येशूसंघीयांच्या महाविद्यालयातून लाझारो कायदा शिकण्यासाठी बोलोन्या विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या नात्यातील लॉरा बास्सी ह्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्या सहवासात लाझारोंना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लागली व कायदा मागे पडला. पुढे त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली. १७६९ पासून अखेरपर्यंत ते पाविया विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक होते.

निर्जीव पदार्थातून सूक्ष्म जीव आपोआप उपजतात, असा त्या काळी अनेकांचा समज होता. फादर नीडहॅम हे दुसरे कॅथोलिक धर्मगुरूही त्याच मताचे. स्पाल्लान्झानी यांनी बंद काचपात्रांतील रस दीर्घकाळ उकळून १७६५ साली ह्या मताला आव्हान दिले. त्यांच्या मते जीव जीवापासूनच येतो.

मात्र छपराच्या पन्हाळीत साचलेल्या वाळूने त्यांना पेचात टाकले. ती भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता आठ आखूड पायांचा, संथ चालीचा एक इवलासा जीव दिसे. शेवाळातही हा जीव राहतो. जर्मनीतील पास्टर गोझे यांनी १७७३ साली त्याचे वर्णन करून त्यास छोटे जलअस्वल म्हटले होते. स्पाल्लान्झानी यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्यास टार्डिग्राडो, म्हणजे मंदगती, हे नाव दिले.

वाळू सुकली की हा जीव आकसून धुळीच्या कणासारखा निश्चल होई. पाणी मिळताच पुन्हा चालू लागे. मग धुळीतून जीव उठतो, हे मानायचे काय? फादरांनी प्रश्न टाळला नाही. त्याच वाळूतील रोटिफर नावाचे जीव त्यांनी पुनःपुन्हा सुकवले व भिजवले. वाळूविना सुकवलेले जीव उठत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. हे नवे जीव नसून पूर्वीचेच परततात, हे त्यांना दिसले. ते मृत्यूतूनच परततात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मात्र टिकला नाही. सुकलेल्या अवस्थेत जीवनक्रिया जवळजवळ थांबते, पण शरीराची घडण शाबूत राहते, असे आजचे विज्ञान सांगते.

फेब्रुवारी १७९९ मध्ये पाविया येथे त्यांचे निधन झाले. आज ह्या जीवांच्या हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांचा अवघा संघ टार्डिग्राडा ह्याच नावाने ओळखला जातो. आपल्याच मताला अडचणीचे वाटणारे निरीक्षणही त्यांनी दडवले नाही, ही त्यांच्या सत्यनिष्ठेची साक्ष होय.