पंडिता रमाबाई : अधीनता आणि सत्यनिष्ठा

शाळेंत पाऊल टाकतांच विद्यार्थ्यास जो पहिला धडा मिळतो, तो आज्ञापालनाचा होय. घंटा झाली कीं रांगेंत उभें राहावें, गुरुजींनीं सांगितलेलें काम वेळेवर करावें, घरीं आईवडिलांचा शब्द मोडूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पवित्र शास्त्राची शिकवणही अशीच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत प्रेषित पौलानें राज्याधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा, त्यांस कर व मान देण्याचा उपदेश केला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रांतही तोच बोध आढळतो. परंतु ह्याच पेत्रास जेव्हां यरुशलेमेंतील धर्मसभेनें प्रभूच्या नांवानें शिकवूं नये अशी ताकीद दिली, तेव्हां त्यानें ती मानली नाहीं, आणि त्याबद्दल मिळालेला मारही निमूटपणें सोसला, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या ५ व्या अध्यायांत आपण वाचतों.

तर मग ख्रिस्ती मनुष्याची अधीनता म्हणजे नेमकें काय? ती म्हणजे मुकेपणा काय? आणि जो प्रश्न विचारतो तो बंडखोर समजावा काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें व्याख्येपेक्षां एखाद्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून ह्या अंकांत महाराष्ट्रास सुपरिचित अशा पंडिता रमाबाईंचें चरित्र विद्यार्थी बंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रीनें संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा निर्बंध असतांही त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. त्याबद्दल त्यांस जाब द्यावा लागला, तेव्हां ते लपून राहिले नाहींत. उडुपी येथील विद्वानांच्या सभेपुढें उभे राहून त्यांनीं शास्त्राचे आधार दाखविले व आपलें कृत्य अशास्त्र नाहीं असें सिद्ध केलें. ज्या अधिकाराखालीं आपण राहतों त्याच्यापुढें सरळ जावें, मान राखावा, पण जें खरें वाटतें तें उघड बोलावें, हा संस्कार कन्येस घरींच मिळाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर पायीं हिंडूं लागलें. ह्या भटकंतींतच आईनें रमाबाईंस शिकविलें, आणि भागवताचे हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. पुढें दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, मजुरी करण्याची संवय नव्हती, भीक मागण्यास मन धजेना. १८७४ सालाच्या सुमारास थोड्याच अवधींत वडील, आई आणि थोरली बहीण मरण पावलीं. उरलीं तीं रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघें हजारों मैल पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. उपाशीं पोटीं रस्ते तुडविणारी मुलगी वीस वर्षांची असतांना पंडितांच्या सभेंत सन्मान पावली.

१८८० सालीं भाऊही वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. म्हणून हा विवाह १८७२ च्या तिसऱ्या कायद्यान्वयें नोंदवून झाला. रूढि त्यांनीं मोडली, पण कायद्याचा मार्ग सोडला नाहीं. एप्रिल १८८१ मध्यें कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति निवर्तले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. तेथें तिनें आर्य महिला समाज स्थापिला व सरकारनें नेमिलेल्या हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन मुलींसाठीं शिक्षिका व स्त्रियांसाठीं स्त्री-वैद्य तयार करण्याची मागणी केली.

१८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें रमाबाई इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांनीं आश्रय घेतला, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचा विचार मात्र सोडावा लागला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः इतर विषय शिकत.

ह्या ठिकाणीं त्यांच्या आयुष्यांतील एक कठीण कसोटी आली. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांनीं त्यांस लेकीप्रमाणें जवळ केलें होतें. छोटी मनोरमा त्यांस आजीबाई म्हणे. परंतु नव्यानें ख्रिस्ती झालेल्या ह्या शिष्येनें वरिष्ठांचें सर्व म्हणणें विनाप्रश्न मान्य करावें अशी त्यांची अपेक्षा होती, आणि रमाबाईंस तें जमेना. मंडळीचे कांहीं सिद्धांत त्यांनीं स्वतः पवित्र शास्त्रांत शोधून पाहिल्याशिवाय स्वीकारले नाहींत. मांसाहार केला नाहीं. क्रूसावर लॅटिन अक्षरें नकोत, संस्कृत असावीं, असें सुचविलें. पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनीं शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील कांहीं बिशपांचें मत पडलें, तेव्हां स्वदेशांत आपण स्त्रीपुरुषांच्या सभांपुढें बोलत आलों आहों हें त्यांनीं निदर्शनास आणून दिलें.

हा वाद पत्रांतून बराच काळ चालला. त्यांत कधीं कधीं शब्द तिखट झाले. तरी रमाबाईंनीं उपकार विसरून नातें तोडलें नाहीं. पुढें मनोरमेच्या शिक्षणासाठीं तिला त्याच भगिनींच्या हातीं सोंपविलें. ज्यांच्याशीं मतभेद आहे त्यांच्याच हातीं आपलें एकुलतें मूल द्यावें, ह्यापेक्षां आदराची मोठी खूण कोणती? मतभेद आणि अनादर ह्या दोन निराळ्या गोष्टी होत, हें येथें आपण शिकावें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानसमारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं निघालें. त्यांत रूढीबरोबर इंग्रज सरकारावरही टीका होती. बालपणीं लग्न झालेल्या रखमाबाईंस नवऱ्याकडे जा, नाहींतर तुरुंगांत जा, असें न्यायालयानें सांगितलें होतें. त्या प्रकरणीं सरकारनें दुर्बळ स्त्रीची बाजू घेतली नाहीं हें रमाबाईंनीं स्पष्ट लिहिलें. अमेरिकेंतील मित्रांच्या साह्यानें परत येऊन त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें.

शारदासदनांत धर्माच्या बाबतींत कोणावरही सक्ती होणार नाहीं असें ठरलें होतें. मुलींनीं आपापला आचार पाळावा. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार मात्र उघडें असे, आणि ज्यांस वाटे त्या आंत बसत. ह्यावरूनच १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर इत्यादि सल्लागारांनीं राजीनामे दिले. केसरी पत्रानें कडक टीका केली. बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू समजून घेणें न्यायाचें होईल. पालकांनीं ज्यांच्या भरंवशावर मुली पाठविल्या, त्यांस आपला शब्द मोडला जात आहे असें वाटणें अस्वाभाविक नव्हतें. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, सक्ती करणार नाहीं हें वचन आपण दिलें आहे, पण आपला विश्वास लपवूं हें वचन दिलेलें नाहीं. त्यांनीं टीकाकारांस उत्तर दिलें, नुकसान सोसलें आणि उरलेल्या मुलींस घेऊन काम चालूं ठेविलें. त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई ही विधवा हिंदु धर्मांतच राहिली व त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां १८९७ सालाकडे वळूं; कारण आपला मूळ प्रश्न त्या वर्षीं जितका कसास लागला तितका इतर केव्हांही लागला नाहीं. त्या वेळीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला होता. ज्या भुकेनें आपले आईबाप नेले तीच भूक दुसऱ्यांच्या लेकरांस खात आहे, हें ऐकून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें अनाथ मुली व विधवा त्यांनीं वांचवून आणिल्या. परंतु पुण्यांत प्लेगाची सांथ होती, आणि निर्बंधांमुळें नव्या मुलींस तेथें ठेवण्याची परवानगी मिळेना. रमाबाईंनीं हुकूम मोडला नाहीं. पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें घेतलेल्या शेतावर त्या मुलींस घेऊन गेल्या. तेथें पुरेशीं घरें नव्हतीं. तंबू व गवती झोंपड्या उभारून त्यांनीं संसार मांडला. हेंच पुढें मुक्तिसदन म्हणून प्रसिद्ध झालें.

ह्याच दिवसांत पुण्यास प्लेगाचे अधिकारी व गोरे शिपाई घरोघर तपासणी करीत होते, आणि संशयितांस इस्पितळांत व छावणींत नेत होते. रमाबाईंच्या आश्रमांतील एका मुलीसही तेथें नेण्यांत आलें व तिची दुर्दशा झाली. तेव्हां मे १८९७ मध्यें त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रांत स्वतःच्या नांवानिशीं पत्र लिहून प्लेगाच्या इस्पितळांत स्त्रियांच्या अब्रूचें रक्षण होत नाहीं असा आरोप केला. त्याचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनीं आरोप नाकारला. इंग्रज मिशनऱ्यांच्या मैत्रींत राहणाऱ्या, परदेशच्या पैशावर संस्था चालविणाऱ्या एका विधवेनें सरकारास असें लिहिणें म्हणजे केवढें धाडस! त्या जूनमध्यें पुण्यास प्लेगाचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. सरकार व प्रजा दोन्हीं प्रक्षुब्ध होतीं. अशा काळांत रमाबाईंनीं शस्त्राचा मार्गही धरला नाहीं आणि खुशामतीचाही नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. एकाच वर्षीं, एकाच सरकाराविषयीं त्या दोन प्रकारें वागल्या. रोग पसरूं नये म्हणून जो निर्बंध होता, तो गैरसोयीचा असूनही त्यांनीं पाळला. दुर्बळ स्त्रियांवर जो अन्याय दिसला, तो सहीनिशीं जगापुढें मांडला. ह्यांत विसंगति नाहीं. अधिकार हा प्रजेच्या हितासाठीं देवानें दिलेली सेवा आहे असें पौल म्हणतो. मग ती सेवा चुकत असतां सेवकास सावध करणें हाही त्याचा मानच होय.

त्या दुष्काळाच्या खुणा आपल्या वाशीमासही ओळखीच्या आहेत. तेव्हां वाशीम हा वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ सालीं तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांस जोडले गेले, आणि १९९८ सालीं वाशीम जिल्हा पुन्हां अस्तित्वांत आला. १८९९-१९०० च्या दुष्काळानें ह्या भागाची अशी दैना केली कीं, १९०१ च्या शिरगणतींत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. त्याच दुष्काळांत गुजराथेंतील शेंकडों मुली केडगांवास आल्या आणि मुक्तिसदनांतील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. तेथें मुली लिहावाचावयास शिकत. शिवाय विणकाम, शिवणकाम, शेतकी, दूधदुभतें, छापखान्याचें काम हींही शिकत. टाकून दिलेली मुलगी स्वतःच्या हातांनीं भाकर मिळवूं लागली.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. साध्या बायाबापड्यांस कळावें अशी सोपी भाषा त्यांनीं योजिली आणि छपाईचें काम आश्रमांतील स्त्रियांनींच केलें. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. ज्या सरकारास बावीस वर्षांपूर्वीं त्यांचें पत्र झोंबलें होतें, त्यालाच त्यांच्या सेवेचा गौरव करावासा वाटला! जुलै १९२१ मध्यें मनोरमा वारली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं देह ठेविला. त्यांचें भाषांतर छापून पुरें झालें तें १९२४ सालीं.

आज परकी राज्य नाहीं. २६ जानेवारी १९५० पासून आपली घटना अंमलांत आहे, आणि राज्यकर्ते निवडण्याचा हक्क आपल्याच हातीं आहे. म्हणून अधीनतेचें कर्तव्य कमी झालें नसून वाढलें आहे. कर चुकविणें, परीक्षेंत नक्कल करणें, लांच देऊन काम करून घेणें, हीं अवज्ञेचींच रूपें होत, मग तोंडानें कितीही राष्ट्रभक्ति बोलली जावो. त्याचप्रमाणें शेजाऱ्यावर अन्याय होत असतां, वरिष्ठांची गैरमर्जी होईल म्हणून गप्प बसणें हें आज्ञापालन नव्हे, तें भय होय.

पालकांसही एक विनंती आहे. मूल नम्रपणें प्रश्न विचारतें तेव्हां त्यास उद्धट म्हणून दटावूं नये. त्यास उत्तर द्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीं प्रश्न अवश्य विचारा, पण आधीं सांगितलेलें काम पुरें करा, आणि जें बोलाल त्याखालीं स्वतःचें नांव घालण्याची तयारी ठेवा. रमाबाईंनीं आयुष्यभर हेंच केलें. अशा मनुष्याची अधीनता समाजास बळ देते, आणि त्याचें सत्य बोलणें राज्यकर्त्यांसही शेवटीं हितकर होतें.