शास्त्रज्ञांची ओळख : दिव्याचे आयुष्य वाढवणारे अर्विंग लँगम्यूर

तारेचा जुना बल्ब बरेच दिवस वापरला की काचेला आतून काळे पुट चढते. ते का चढते, याचा छडा लावणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

अर्विंग लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्यांची नजर अधू आहे, हे अकराव्या वर्षी लक्षात आले. चष्मा लागला आणि बारीकसारीक गोष्टी न्याहाळण्याचा छंदच जडला. कोलंबिया विद्यापीठातून १९०३ मध्ये ते धातुशास्त्राचे अभियंता झाले. १९०६ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे अध्यापन करून १९०९ मध्ये ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळी दिव्यातील हवा काढून तो निर्वात करीत. तरीही काच काळी पडे. आत उरलेल्या हवेचा हा दोष, असाच बहुतेकांचा समज होता. लँगम्यूर यांनी उलट वाट धरली. त्यांनी दिव्यात मुद्दाम एकेक वायू भरून पाहिला. पाण्याची वाफ घातक ठरली, पण ती काढली तरी काळेपणा राहिलाच. तापलेल्या तारेतील टंगस्टनचीच वाफ होऊन ती काचेवर बसत होती. नायट्रोजन किंवा आरगॉन भरल्यास तार सावकाश झिजते, हे त्यांनी दाखवले. वायूमुळे तारेची उष्णता वाया जाऊ लागली, तेव्हा तार वेटोळ्यात गुंडाळून त्यांनी तोही तोटा कमी केला. १९१६ मध्ये या दिव्याचे पेटंट मिळाले.

वायू आल्यावर दिवा कसा लावावा, यालाही महत्त्व आले. तापलेला वायू वर जातो आणि टंगस्टनची वाफ सोबत नेतो. दिवा उलटा टांगला तर पुट मानेत जमते आणि खालचा प्रकाश स्वच्छ राहतो, पण होल्डर अधिक तापतो. आडवा लावला तर वरची बाजू काळी होते, तार लोंबकळू शकते. कारखान्यांतील मेटल हॅलाइड दिव्यांतही असेच आहे. आडव्या दिव्यात ज्योत वर वाकते, वरची भिंत जास्त तापते आणि आयुष्य घटते. म्हणून अशा दिव्यांवर कोणत्या स्थितीत लावावे हे छापलेले असते. एलईडीत तार नसली तरी बंदिस्त झाकणात उष्णता कोंडली, तर त्याचेही आयुष्य कमी होते.

पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील कार्यासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १६ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

घरात साठ किंवा शंभर वॉटचा गेलेला बल्ब असल्यास पालकांच्या मदतीने, काच गार झाल्यावर पाहा. काळे पुट कुठे आहे त्यावरून तो कसा लावलेला होता, हे तुम्हाला ओळखता येईल.