विसेक पोरं, एक बेट आणि बेडन पॉवेल

दरवर्षी २२ फेब्रुवारीला शाळांमध्ये स्काऊट-गाईडचा चिंतन दिन होतो. पोरं स्कार्फ बांधून रांगेत उभी राहतात, फोटोला हार पडतो. रुंद काठाच्या टोपीतला तो माणूस म्हणजे रॉबर्ट बेडन पॉवेल. जन्म १८५७ चा, लंडनचा.

रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच वडील गेले. आई खमकी, तिनेच सगळी भावंडं वाढवली. शाळेत हा यथातथाच. चार्टरहाऊस शाळेजवळ झाडी होती, तिथं जायला मनाई. हा गुपचूप जायचा, ससा धरायचा आणि मास्तरांना धूर दिसू नये म्हणून बारीक जाळावर भाजायचा. पुढचं सगळं त्या झाडीतूनच निघालं म्हणा ना.

१८७६ ला लष्करात अधिकारी होऊन ते लखनौला आले. माग काढणं, ठसे ओळखणं हे शिपायांना शिकवू लागले. त्यावर पुस्तकही लिहिलं. १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर सैन्याने मॅफेकिंग गावाला वेढा घातला. बेडन पॉवेल यांनी ते २१७ दिवस लढवलं. निरोप पोचवायला गावातली पोरं होती, आधी गाढवांवर, मग सायकलींवर. इंग्लंडात त्यांचा जयजयकार झाला. पण वेढ्यात काळ्या लोकांना धान्य गोऱ्यांपेक्षा कमी मिळालं, उपासमार झाली. त्यावरून आजही इतिहासकार भांडतात. हार घालताना हे कुणी सांगत नाही.

परत आल्यावर पाहतात तर शिपायांचं ते पुस्तक शाळकरी पोरं वाचतायत. मग ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत ब्राउनसी बेटावर त्यांनी शिबिर लावलं. विसेक पोरं. काही बड्या घरची, महागड्या शाळांतली, काही जवळच्या गावांतल्या कष्टकऱ्यांची. त्या काळी तिथं ही दोन्ही पोरं एका पंगतीला बसत नव्हती. इथं एकाच तंबूत झोपली. लांडगा, बैल, डोमकावळा आणि एक लांब चोचीचा पाणपक्षी अशी चार तुकड्यांची नावं. पहाटे कुडू हरणाचं शिंग फुंकून उठवायचं. दर रात्री एका तुकडीने पीठ, मटण, बटाटे, काडेपेटी घेऊन बाहेर मुक्काम करायचा, आपलं आपण रांधायचं, पहारा ठेवायचा. तुकडीचा नायक पोरगाच, आणि तुकडीची सगळी जबाबदारी त्याच्यावर. खरी गोम इथं आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गणवेश आणि परेड राहिली, रानातला मुक्काम मात्र गेला.

१९०८ ला मुलांसाठीचं पुस्तक निघालं आणि गावोगावी पोरांनी स्वतःच तुकड्या केल्या. मुलीही मागे राहिल्या नाहीत. १९१० ला बहीण ॲग्नेसच्या मदतीने गाईड सुरू झालं, त्याच साली त्यांनी लष्कर सोडलं.

हिंदुस्थानात मात्र सुरुवातीला स्काऊट गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच. आपल्या पोरांना दार बंद. मग मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ ला सेवा समितीचं वेगळं स्काऊट पथक उभं केलं. १९२१ ला बेडन पॉवेल इथं आले, त्यानंतर दार उघडलं. आजची भारत स्काऊट आणि गाईड संस्था १९५० ची.

शेवटची वर्षं त्यांनी केनियात न्येरीला काढली. तिथंच ८ जानेवारी १९४१ ला ते वारले. थडग्यावर एक वर्तुळ, मधे ठिपका. रानातल्या वाटेवर स्काऊट ही खूण करतात, तिचा अर्थ घरी गेलो.