राजाचा मित्र, देवाचा सेवक : संत थॉमस बेकेट



नाताळनंतर चारच दिवसांनी, २९ डिसेंबरला, ख्रिस्तसभा कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांचे स्मरण करते. मराठी रसिकांना हे नाव वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांच्या 'बेकेट' या नाटकामुळे परिचित आहे. झाँ अनुई यांच्या १९५९ च्या फ्रेंच नाटकावरून त्यांनी ते १९७१ साली मराठीत आणले. आज या नाटकामागचा खरा माणूस आपण ओळखून घेऊ या.

थॉमस यांचा जन्म ११२० च्या सुमारास लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. नाटकात ते जिंकल्या गेलेल्या सॅक्सन लोकांपैकी दाखवले आहेत. प्रत्यक्षात त्यांचे घराणे राज्यकर्त्या नॉर्मन लोकांपैकी होते. हुशारीच्या बळावर ते ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाचे चॅन्सलर, म्हणजे प्रधान झाले. दोघांची गाढ मैत्री जमली. ११६२ मध्ये राजाने या मित्राला आर्चबिशपपदी बसवले. थॉमस तोवर धर्मगुरूही नव्हते. आदल्या दिवशी गुरुदीक्षा आणि दुसऱ्या दिवशी महागुरुदीक्षा, असे ते घडले. आपला माणूस त्या आसनावर असला की चर्च आपल्या मुठीत राहील, असा राजाचा हिशेब होता. पण थॉमस यांनी प्रधानपद सोडून दिले आणि हिशेब चुकला.

११६४ मध्ये राजाने क्लॅरेंडन येथे काही नियम पुढे केले. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूंना राजाच्या न्यायालयाने शिक्षा द्यावी, राजाच्या परवानगीशिवाय कोणी रोमकडे दाद मागू नये, असे ते होते. दडपणाखाली थॉमस यांनी तोंडी होकार दिला. मग पश्चात्ताप होऊन काही काळ मिस्सा अर्पण करणेही थांबवले. यातील पहिल्या मुद्द्यावर राजाचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, हे आपण प्रांजळपणे मान्य करू या. गुन्हा करणारा धर्मगुरू देशाच्या कायद्यापुढे उभा राहिलाच पाहिजे, असे आज आपणही म्हणतो. पण राजाला चर्चचा आवाजच ताब्यात हवा होता, आणि तेथे थॉमस अडून राहिले.

त्याच वर्षी ते फ्रान्सला निसटले. मग राजाचा राग मागे राहिलेल्यांवर निघाला. नाताळच्या दिवसांत थॉमस यांचे नातलग व सेवक अशा शेकडो लोकांना, बायकामुलांसह, देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांचे हाल पाहून थॉमस खचावेत, हा हेतू होता. पाँतिन्यी येथील ज्या मठाने त्यांना आसरा दिला, त्या संघाच्या इंग्लंडमधील मठांनाही राजाने धमकावले. शेवटी थॉमस यांना तो आसरा सोडावा लागला.

सहा वर्षांनी वरवरचा समेट झाला आणि डिसेंबर ११७० मध्ये ते परतले. राजपुत्राचा बेकायदा राज्याभिषेक करणाऱ्या बिशपांवरील कारवाई मात्र त्यांनी मागे घेतली नाही. ते ऐकून राजा संतापाने बोलला आणि ते शब्द चार सरदारांनी हुकूम मानले. २९ डिसेंबरला संध्याप्रार्थनेच्या वेळी ते कँटरबरीला पोहोचले. मठवासी दार बंद करू लागले, तेव्हा थॉमस यांनी देवाच्या घराचा किल्ला होऊ दिला नाही. वेदीपासून जवळच त्यांची हत्या झाली. वाचवायला पुढे आलेल्या एडवर्ड ग्रिम यांच्या हातावरही तलवारीचा घाव बसला.

११७३ मध्ये पोप तिसरे अलेक्झांडर यांनी थॉमस यांना संतपद दिले. ११७४ मध्ये राजाने अनवाणी त्यांच्या कबरीपाशी येऊन फटके सोसले. नाटक याच प्रसंगाने सुरू होते. पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी फोडली आणि प्रार्थनापुस्तकांतून थॉमस यांचे नावही पुसायला लावले. साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही सत्तेला त्यांची धास्ती वाटत होती.

नाटक पाहताना आपले लक्ष राजा आणि मित्रावर खिळते. आपल्याला मात्र घराबाहेर काढलेली ती बायकामुले आठवत राहतात. एकाशी वाद झाला म्हणून सगळे घर वाळीत टाकणे आपल्या गावांनाही नवीन नाही. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. लोहाऱ्यात आपल्या शेजारी, आपल्या भावकीत कोणाशी बोलणे तुटले असेल, तर निदान त्याच्या लेकराबाळांशी अबोला धरू नये. या सणाच्या निमित्ताने एवढे तरी आपण ठरवू या.

संत थॉमस बेकेट, आम्हांसाठी विनंती करा.