वनस्पतीशास्त्र शिकले, देशाची तिजोरी सांभाळली : रोह्याचे चिंतामणराव देशमुख

रोहा : भात झोडून झाला, वाल पेरून झाले, की पेण-रोह्याकडच्या काही परसात दोन-चार ओळी बटाट्याच्याही लागतात. पेणच्या खारपाटात हे पीक अवघडच, पण घरामागच्या उंचवट्यावर, भुसभुशीत मातीत, थंडी आहे तोवर जमतं. डिसेंबरात लावलेलं रोप संक्रांतीच्या सुमाराला वीतभर होतं आणि मग दोन्ही बाजूंनी माती ओढून त्याला भर द्यावी लागते. त्याच दिवसांत, १४ जानेवारीला, रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांची जयंती येते.

भर का द्यायची, हे पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, ते खोड आहे. रताळं हे मूळ. बटाट्याच्या बुंध्यातून जमिनीखाली आडव्या फांद्या निघतात आणि त्यांच्या टोकाला बटाटा धरतो. वर माती कमी पडली की तो उघडा पडतो, ऊन लागून हिरवा होतो. त्या हिरव्या भागात सोलानिन नावाचं विष तयार होतं, तो खायचा नाही. भर वाफशावर द्यावी, चिखलात नाही, आणि शेंडा मोकळा ठेवावा.

हे सगळं वनस्पतीशास्त्रात येतं आणि चिंतामणराव शिकले ते हेच शास्त्र. लोकांना ते बँकेचे आणि अर्थखात्याचे म्हणून माहीत. पण त्यांचं शिक्षण पैशाचं नव्हतंच.

जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील, आई भागीरथीबाई. लहानपण बरंचसं रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे विलायतेत केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतीशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र असे विषय घेतले. १९१७ मध्ये वनस्पतीशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. दुसऱ्याच वर्षी आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला नंबर! कुंडलिकेकाठच्या पोराने इंग्रजांच्या देशात जाऊन त्यांच्याच परीक्षेत त्यांना मागे टाकलं.

नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात. तिथे त्यांनी सेटलमेंट अधिकारी म्हणूनही काम केलं. सेटलमेंट म्हणजे गावोगाव जमिनीची प्रत बघून सारा ठरवायचा. माती हलकी की भारी, पाणी किती, पीक काय येतं, हे बघितल्याशिवाय आकडा घालता येत नाही. माती ओळखणारा अधिकारी तिथे असणं ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारताच्या शिष्टमंडळात ते होते. फाळणीचा कठीण काळही त्यांच्याच कारकिर्दीत आला. पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेवर गेले ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं, साक्षीदार होते पंतप्रधान नेहरू.

गावच्या माणसाने ध्यानात ठेवावं असं त्यांच्या काळातलं काम १९५५ चं आहे. तोवर शेतकऱ्याचं कर्ज बहुतेक सावकाराकडे. इम्पीरियल बँक शहरातल्या व्यापाऱ्यांची, खेड्याकडे फिरकत नसे. चिंतामणराव अर्थमंत्री असताना ती सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा, त्याही खेड्यांत आणि लहान गावांत उघडायच्या, असं बंधन तिच्यावर घातलं होतं. आज पीककर्जासाठी आपण शाखेच्या पायऱ्या झिजवतो तेव्हा वैताग येतो हे खरं, पण शाखाच नव्हती तेव्हाचे हाल आजोबांना विचारावेत.

पुढच्याच वर्षी मुंबईचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरत होतं, आणि गोळीबारात माणसं मेली होती. जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी अर्थमंत्रीपद सोडलं. लग्नाला साक्षीदार असलेल्या पंतप्रधानांच्याच विरोधात उभं राहणं सोपं नव्हतं. खुर्चीला चिकटून बसणारे तेव्हाही कमी नव्हते.

नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद. १९६९ मध्ये राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढले आणि हरले. संस्कृत शेवटपर्यंत सुटलं नाही, कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत पद्यात आणलं. बागकामाची आवडही होतीच. रोह्यात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे.

शेवटची वर्षं हैदराबादेत गेली. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांचं तिथेच निधन झालं.