संत जेरोम यांचे स्वप्न

स्वप्न कधीच पडले नाही असा मनुष्य विरळा. पहाटे दचकून जाग येते, काळीज धडधडत असते आणि मनात प्रश्न उभा राहतो की, यात देवाचा काही संकेत असेल काय, की हा केवळ शिणलेल्या मनाचा खेळ आहे? सोळाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पवित्र शास्त्राच्या एका थोर भाषांतरकारापुढे उभा राहिला आणि पुढे कित्येक वर्षे त्याने त्यांची पाठ सोडली नाही. ते भाषांतरकार म्हणजे संत जेरोम.

जेरोम यांचा जन्म सुमारे ३४७ साली, दाल्मातिया व पानोनिया या रोमी प्रांतांच्या सीमेवरील स्त्रिदोन या गावी झाला. रोम येथे त्यांनी व्याकरण व वक्तृत्व यांचे शिक्षण घेतले आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे घरदार, आप्तेष्ट, इतकेच नव्हे तर चविष्ट अन्नाची सवयही सोडून ते पूर्वेकडे निघाले. मात्र एक गोष्ट त्यांना सोडवेना. मोठ्या कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह त्यांनी बरोबर घेतला. दिवसा उपवास व प्रार्थना करावी, आणि मग सिसेरो किंवा प्लॉटस हाती घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. त्यानंतर संदेष्ट्यांचे ग्रंथ उघडले की त्यांची भाषा त्यांना ओबडधोबड वाटे.

सुमारे ३७५ साली, सूरियातील अंत्युखिया येथे, उपवासकाळात त्यांना तीव्र ताप आला. शरीर थंड पडू लागले आणि सोबत्यांनी अंत्यविधीची तयारी आरंभिली. अशा अवस्थेत त्यांना दिसले की आपल्याला ओढून न्यायासनापुढे नेले आहे. तू कोण, असे विचारताच त्यांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. न्यायाधीशाने ते नाकारले व तू सिसेरोचा अनुयायी आहेस असा निवाडा दिला. कारण जेथे धन तेथे मन. मग फटके बसू लागले. जेरोम रडत दयेची याचना करीत होते. शेवटी, ऐहिक ग्रंथ पुन्हा वाचणार नाही अशी शपथ त्यांनी वाहिली, तेव्हा त्यांची सुटका झाली.

या अनुभवानंतर ते खाल्किसच्या अरण्यात राहिले. तेथे ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी गृहस्थाकडून ते इब्री शिकू लागले. त्या भाषेचे कंठ्य उच्चार त्यांना जड जात. कित्येकदा निराश होऊन त्यांनी अभ्यास सोडला व पुन्हा धरला. ३८२ साली ते रोमला परतले आणि पोप दमासस यांच्या विनंतीवरून त्यांनी लॅटिन शुभवर्तमानांच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. ३८४ साली युस्टोकियम या तरुण ख्रिस्ती स्त्रीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते स्वप्न सविस्तर वर्णिले. ते पोकळ स्वप्न नव्हते, जाग आल्यावर खांदे काळेनिळे पडलेले होते, असे त्यांनी आग्रहाने लिहिले.

३८६ पासून ते बेथलेहेम येथे स्थायिक झाले व इब्रीवरून जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर करू लागले. सुमारे ४०५ पर्यंत हे काम चालले. या काळात त्यांचे जुने मित्र रुफिनस यांच्याशी त्यांचे वैर जडले. रुफिनस यांनी त्यांना ती शपथ आठवून दिली. लिखाणात पानोपानी सिसेरो येतो आणि बेथलेहेमात मुलांना तेच जुने कवी शिकविले जातात, मग प्रभूपुढे वाहिलेल्या शपथेचे काय झाले, असा त्यांचा सवाल होता.

जेरोम यांनी सुमारे ४०२ साली उत्तर दिले, ते असे: ती शपथ स्वप्नातली होती, आणि स्वप्नांवर विसंबू नये असे संदेष्टेच शिकवितात. स्वप्नात केलेल्या पापामुळे कोणी नरकात जात नाही, की स्वप्नात मिळालेल्या हौतात्म्याचा मुगुट कोणाला स्वर्गात नेत नाही. टक्कल पडलेल्या या वयातही आपण विद्यार्थी होऊन गुरूपुढे भाषण करीत आहोत असे आपल्याला स्वप्नात दिसते, आणि जाग आल्यावर सुटलो असे वाटते, असेही त्यांनी लिहिले.

वाचकहो, यात विसंगती आहे हे आपण मान्य केले पाहिजे. ज्या अनुभवाला त्यांनी एकदा सत्य म्हटले, तोच अडचणीचा होताच त्यांनी स्वप्न म्हणून बाजूला सारला. आपणही असेच करीत नाही काय? मनासारखे स्वप्न पडले की तो देवाचा आवाज, आणि गैरसोयीचे पडले की तो अपचनाचा परिणाम!

त्यांच्या भाषांतरातही एक लक्षणीय गोष्ट आढळते. लेवीय १९:२६ व अनुवाद १८:१० येथील इब्री क्रियापदाचा रोख शकुन पाहण्याकडे आहे. लेवीयातील त्या जागी प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी पक्ष्यांवरून शकुन पाहणे असा अर्थ घेतला. जेरोम यांनी मात्र दोन्ही ठिकाणी स्वप्ने पाळण्याची मनाई केली. तसे करताना त्यांच्या मनात काय होते हे देवच जाणे.

तथापि त्याच लेखणीने उत्पत्तीतील योसेफाची, दानीएलाची आणि मत्तयातील मरीयेच्या पतीची स्वप्ने प्रामाणिकपणे उतरविली. स्वप्नाद्वारे देव बोलू शकतो, हे शास्त्र नाकारीत नाही. परंतु स्वप्न खरे ठरले तरी ते अन्य देवांकडे नेत असेल तर त्यास मानू नये, असे अनुवादाचा तेरावा अध्याय बजावतो. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात स्वप्न व देवाचे वचन यांतील अंतर भुसा व गहू यांच्या उपमेने दाखविले आहे. उपदेशकही सांगतो की फार व्याप असला म्हणजे स्वप्ने पडतात. दिवसाच्या चिंता व आठवणी रात्री स्वप्नांत उतरतात, हे आजच्या संशोधनातही दिसून येते. तापाने तळमळणाऱ्या जेरोम यांच्या मनात सिसेरो व ख्रिस्त यांचा झगडा आधीच चालू होता. स्वप्नाने तो उघड केला.

जेरोम ४२० साली बेथलेहेम येथे निवर्तले. ३० सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन जगभर भाषांतर दिन म्हणूनही पाळला जातो. खांद्यांवरचे ते वळ खरे होते की नव्हते, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण ज्यास संदेष्ट्यांची भाषा ओबडधोबड वाटे, त्याच मनुष्याने पुढे त्यांच्या शब्दाशब्दासाठी आयुष्य वेचले. आपल्याला एखादे स्वप्न अस्वस्थ करील, तेव्हा त्याचा अर्थ सांगणाऱ्याच्या शोधात धावू नये. त्याने आपल्या मनातील कोणते धन उघडे केले हे पाहावे, ते वचनापुढे ठेवावे, आणि मग प्रार्थनापूर्वक दिवसाच्या कामाला लागावे.